हलका हात : वस्तऱ्याने दाढी शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

मराठीत कुणी कुणाला चांगलेच फैलावर घेतले की आपण म्हणतो, ‘त्याची बिनपाण्याने केली.’ काय केली हे सांगावेही लागत नाही. ऐकणाऱ्याच्याच गालावर कोरडे पाते फिरून जाते. हा वाक्प्रचार ज्याच्या तोंडी पहिल्यांदा आला, त्याला दाढीचे मर्म नेमके ठाऊक होते. पाणी आधी, पाते नंतर. वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, हे पुढच्या पानांत पायरीपायरीने सांगितले आहे. त्यातले बरेचसे ज्ञान असे आपल्या भाषेत आणि आपल्या गल्लीतल्या सलूनमध्ये पूर्वीपासूनच आहे. आपण खुर्चीत डोळे मिटून बसत आलो, म्हणून ते पाहायचे राहून गेले.

आधी हत्यार कोणते ते स्पष्ट करतो. ‘वस्तरा’ या एकाच नावाने आपण दोन वेगळ्या वस्तू ओळखतो. जुना वस्तरा अखंड पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा. त्याला निसण्यावर धार लावायची, दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, काम झाल्यावर पुसून कोरडा ठेवायचा. नीट सांभाळला तर असा वस्तरा बापाकडून मुलाकडे जातो. दुसरा वस्तरा म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक सलूनमध्ये दिसतो तो. आकार जुन्यासारखाच, पण त्याला स्वतःची धार नाही. त्याच्या जबड्यात ब्लेडचा अर्धा तुकडा बसवावा लागतो. कारागीर कागदात गुंडाळलेले ब्लेड बोटांत धरून लांबीच्या रेषेवर वाकवतो, ‘कट्’ असा आवाज येतो, एक अर्धे वस्तऱ्यात जाते आणि दुसरे कागदातच पुढच्या गिऱ्हाइकासाठी थांबते. हे पुस्तक या दुसऱ्या वस्तऱ्याविषयी आहे.

जुना वस्तरा सलूनमधून मागे पडला, त्याला सगळ्यांत मोठे कारण आरोग्याचे. तो एका माणसाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर जात असे. दाढी करताना रक्त दिसले नाही तरी कातडीवर बारीक ओरखडे उठतात, आणि रक्तातून पसरणाऱ्या आजारांना तेवढी वाट पुरते. हेपॅटायटिस-बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, एखाद्या वस्तूवर, किमान 7 दिवस टिकून राहू शकतो. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध 1986 साली मद्रासमध्ये लागला. पुढे एड्सविषयीची जागृती गावोगाव पोहोचली, तशी गिऱ्हाइके खुर्चीत बसता बसता ‘नवीन ब्लेड लावा’ असे मोकळेपणाने सांगू लागली. सांगण्याआधीच समोर धरून ब्लेड मोडणे ही चांगल्या कारागिराची रीत झाली. त्या ‘कट्’ आवाजात गिऱ्हाइकाला दिलेली एक हमी आहे.

बदलत्या पात्याची गोष्ट मात्र याहून जुनी आहे. अठराव्या शतकात, 1770 च्या सुमारास, पॅरिसमध्ये सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या झाँ-जाक पेरे या कारागिराने एक पुस्तक लिहिले. विषय होता, स्वतःची दाढी स्वतः कशी करावी. पात्याला लाकडी संरक्षक पट्टी लावून धारेचा थोडासाच भाग उघडा ठेवण्याची युक्तीही त्याच्याच नावावर आहे. म्हणजे हातात घेतलेल्या या पुस्तकाच्या जातीला अडीचशे वर्षांची परंपरा आहे. त्यानंतरची मोठी उडी अमेरिकेत पडली. किंग कॅम्प जिलेट याने पोलादाच्या पातळ पट्टीला दोन्ही कडांना धार देऊन, वापरून टाकून देण्याचे ब्लेड बाजारात आणले. 1903 साली त्याचे अवघे 51 रेझर खपले. 1904 साली ती संख्या 90,000 च्या पुढे गेली. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी लाखोंच्या संख्येने हे रेझर घेतले, आणि युद्धावरून परतलेला सैनिक घरच्या आरशासमोर दाढी करू लागला.

जिलेटच्या रेझरने माणसाच्या हातून नेमके काय काढून घेतले, हे समजले की वस्तऱ्याचे वेगळेपण कळते. त्या रेझरमध्ये ब्लेड किंचित वाकवून आवळलेले असते आणि खाली दातेरी कड असते. धार कातडीला कोणत्या कोनात भिडणार, हे रेझर घडवतानाच ठरून गेलेले असते. 1971 साली जोडपात्याचे काडतूस आले, पुढे पात्यांची संख्या वाढली, मान हलणारी झाली. प्रत्येक पायरीवर हाताने ठरवायची एकेक गोष्ट यंत्राकडे गेली. सलूनमधल्या कारागिराने मात्र उलटे केले. त्याने जिलेटच्याच जातीचे ब्लेड घेतले, मधोमध मोडले आणि जुन्या वस्तऱ्याच्या आकारात बसवले. धार कारखान्याची, कोन हाताचा. हे काम जगात अनेक ठिकाणी झाले. जर्मनीतल्या झोलिंगेन या पाती घडवणाऱ्या शहरातल्या डोव्हो कंपनीने अशा वस्तऱ्याला दिलेले ‘शेव्हेट’ हे नाव पुढे या साऱ्या प्रकाराचेच नाव होऊन बसले. जपानमध्ये सेकी हे शतकानुशतके तलवारी घडवणारे गाव. तिथल्या फेदर कंपनीने खास वस्तऱ्यासाठी जाड पाती काढली. आपल्याकडे ठाण्यातून निघालेली सुपरमॅक्सची ब्लेडे देशोदेशी गेली.

आपल्या मातीत या हत्यारामागे एका समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम उभे आहेत. त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हे पुस्तक सुरू करणे मला अपराधासारखे वाटले असते. बारा बलुतेदारांतला न्हावी वर्षभर गावाची दाढी-हजामत करी आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपले बलुते घेई. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, कंगवा, चिमटा, नखे काढायची नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी एवढा संसार असे. साबण बाजूलाच राहू द्या. वाटीतले पाणी बोटांनी गालावर चोळून चोळून तो दाढी भिजवी, आणि त्या चोळण्यातच निम्मे काम उरकलेले असे. मामाच्या मांडीवर बसलेल्या रडणाऱ्या, मान झटकणाऱ्या बाळाचे जावळ त्याच धारेने काढायचे आणि टाळूला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, ही कसोटी किती कठीण आहे ते वस्तरा हातात घेतल्यावर समजते. संत सेना महाराजांनी धोकटीतल्या याच आरशाला आणि चिमट्याला अभंगातून परमार्थाचा अर्थ दिला.

शब्दांनीही हा इतिहास जपून ठेवला आहे. ‘वस्तरा’ फारसीतून आला. ‘हजामत’ अरबीतून आली. तिच्या मुळाशी तुंबडी लावून रक्त काढण्याचा उपचार आहे, कारण एके काळी तेही काम हाच कारागीर करी. ‘क्षौर’ हा संस्कृत ‘क्षुर’ म्हणजे वस्तरा यावरून आलेला. केस काढणे, शरीराला बरे करणे आणि धार्मिक विधी या तिन्ही गोष्टींपाशी हे पाते उभे राहिले आहे.

या पात्याने एकदा नकारही दिला आहे. विधवांचे केशवपन करण्याची क्रूर रूढी चालायची ती अखेर वस्तऱ्याच्याच आधाराने. 1890 साली मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली. विधवांच्या डोक्यावर आपला वस्तरा चालवणार नाही, असे त्या कारागिरांनी ठरवले. पोट ज्या हत्यारावर, तेच हत्यार खाली ठेवण्याचा तो निर्णय होता. वस्तरा कुठे चालवायचा आणि कुठे थांबवायचा हे हाताने ठरवायचे असते, याचा इतका मोठा दाखला माझ्या माहितीत दुसरा नाही.

मी स्वतः या वाटेला उशिरा आलो. बरीच वर्षे काडतुसाच्या रेझरने घाईघाईत दाढी करत होतो. मानेवर बारीक फोड यायचे, काही केस कातडीच्या आतच वळायचे. अनेक पात्यांचा रेझर केसाला किंचित ओढून कातडीच्या पातळीखाली कापतो. केस कुरळा असला की परत वाढताना तो आत वळण्याचा धोका असतो. एकच पाते वरच्या वर कापते, म्हणून अशा कातडीला ते अनेकदा मानवते. ही माहिती मला आमच्या गल्लीतल्या सलूनच्या काकांनी दिली, आणि शिकवण्याची विनंती केल्यावर त्यांनी ती मनापासून मान्य केली.

पहिले काही दिवस त्यांनी वस्तऱ्यात ब्लेड घालूच दिले नाही. रिकामा वस्तरा धरायचा, उघडायचा, गालावरून न्यायचा. तीन बोटे दांड्यावर, करंगळी मागच्या शेपटीवर, अंगठा खालून. मग फुगा आला. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि पात्याने तो फेस काढायचा. फुगा फुटला की हाताने कुठे जोर केला ते लगेच समजते. ‘दाबू नका, नुसता टेकवा,’ एवढेच वाक्य ते पुन्हा पुन्हा सांगत. मला वाटले, हे सुरुवातीचे सांगणे आहे, खरी विद्या पुढे येईल. पुढे काही आले नाही. खरी विद्या तीच होती, आणि या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण फिरून त्याच वाक्यापाशी येते.

या वाक्यामागचे कारण पात्यात आहे. दाढीच्या ब्लेडची जाडी मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. त्याची धार केस कापायला पुरून उरते. जोराची गरज तिला मुळीच नसते. जुन्या वस्तऱ्याचे पाते रुंद आणि जड असल्याने त्याचे वजनच हाताला सांभाळून घेते. आपला वस्तरा वजनाला हलका, आणि नेमकी हीच त्याची अडचण आहे. हातात काही आहे असे जाणवत नाही, म्हणून नवखा माणूस नकळत दाबतो. त्यातच मोडलेल्या ब्लेडची दोन्ही टोके काटकोनी आणि टोकदार असतात. शिकाऊ माणसाला कापते ते बहुधा धारेच्या मध्यावर नव्हे, या टोकांशी: कानाच्या पाळीखाली, हनुवटीच्या वळणावर, ओठाच्या कोपऱ्यात.

दाबाच्या जोडीला आणखी तीन गोष्टी येतात. पहिली कोन. पाते गालावर सपाट ठेवा आणि पाठीकडची बाजू हळूहळू उचला. साधारण 30 अंशांच्या आसपास केस कापण्याचा कुरकुर आवाज स्वच्छ येऊ लागतो. फार सपाट धरले तर केस ओढला जातो, फार उभे धरले तर कातडी खरवडली जाते. दुसरी ताण. कारागिराचा डावा हात रिकामा कधीच नसतो. तो गाल वर ओढत असतो, मान ताणत असतो. ताणलेली कातडी पात्यापुढे वळी होऊन येत नाही. तिसरी केसांचा कल. गालावर केस बहुतेकांचे खाली झुकलेले असतात, पण मानेवर ते आडवे, तिरके, कधी भोवऱ्यासारखेही वाढतात. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटे फिरवून प्रत्येक भागाचा कल ओळखा. सुलट हात आधी आणि तो पुरता बसल्यावरच उलट हात, हा क्रम मोडू नका.

एक चूक मात्र होऊच द्यायची नाही. पाते कधीही आडवे, धारेच्या रेषेत सरकवायचे नाही. याचे कारण स्वयंपाकघरात कळते. पिकलेला टोमॅटो विळीवर नुसता दाबला तर चिरडतो. जरा पुढे सरकवला की सहज चिरला जातो. सरकल्याने धार कापते. गालावरही तसेच आहे. पाते केसांच्या समोरून सरळ नेले तर केस कापतात; तेच बाजूला घसरले तर कातडी चिरते. म्हणून हात थांबल्यावर पाते आधी उचलायचे आणि मगच जागा बदलायची.

पाण्याविषयी वर बोललोच आहे. कोमट पाण्याने चेहरा दोन-तीन मिनिटे नीट भिजवला की केस मऊ होतो आणि तो कापायला लागणारा जोर पुष्कळ कमी होतो. आंघोळीनंतरची दाढी यासाठीच सोपी जाते. ब्रशने गोल फिरवत केलेला फेस केसाभोवतीचे पाणी टिकवतो आणि पात्याला निसरडी वाट देतो. फेस सुकला तर पुन्हा लावा. शेवटी थंड पाणी आणि ओली तुरटी. तुरटी कातडी आवळते, बारीक रक्त थांबवते, शिवाय ती रोजची परीक्षकही आहे. जिथे चुणचुणले, तिथे आज हात जड पडला होता. काकांच्या सांगण्यावरून मी काही आठवडे ती जागा वहीत लिहून ठेवली, आणि शिकण्याचा त्याहून खरा हिशोब मला दुसरा सापडला नाही.

शिकायला किती दिवस लागतात, असे लोक मला विचारतात. पहिला आठवडा फक्त दोन्ही गालांचा. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने करावी. दुसऱ्या आठवड्यात कल्ल्यांची रेषा आणि जबडा, मग मान, सगळ्यात शेवटी हनुवटी आणि वरचा ओठ. आरशाची सवय होण्यातच पुष्कळ वेळ जातो, कारण कारागीर चेहरा समोरून पाहतो आणि आपल्याला तो उलटा दिसतो. शिवाय आपला हात आपल्याच डोळ्यांच्या आड येतो. दाढी दिवसाला मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी वाढते. आज एखादा कोपरा राहिला तर तो उद्यापर्यंत थांबू शकतो. घाईच्या सकाळी वस्तरा हातात घेऊ नये, हा नियम मी स्वतःसाठी केला आहे आणि तो तुमच्यासाठीही सुचवतो.

काही इशारे मात्र स्पष्टच देतो. चेहऱ्यावर मुरमे, जखम किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबा. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील किंवा मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. वस्तरा हातातून निसटला तर तो झेलायचा प्रयत्न करू नका. हात मागे घ्या आणि पडू द्या. घरातल्या भावाचा किंवा मुलाचा वस्तरा असला तरी ब्लेड प्रत्येकाचे वेगळेच. आणि लहान मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर तो कधीही ठेवू नका.

हे सारे शिकल्यावर सलूनमध्ये जायचे थांबवावे, असे माझे म्हणणे नाही. मी आजही महिन्यातून एकदा काकांच्या खुर्चीत बसतो. फरक एवढाच की आता डोळे मिटत नाही. त्यांचा डावा हात कुठे ताण देतो, हनुवटीखाली वस्तरा कसा वळतो, कुठे श्वासाएवढा थांबतो, हे पाहत राहतो. दिवसाला कितीतरी अनोळखी गळ्यांवरून उघडी धार नेणाऱ्या त्या हाताची किंमत आपण दाढीच्या दरावरून ठरवत आलो. स्वतः शिकलेला माणूस ती तशी ठरवू शकत नाही.

आता पुस्तकाकडे वळण्यापूर्वी एक शेवटची विनंती. वापरलेले अर्धे ब्लेड फेकायला निम्मा क्षणही लागत नाही, पण कचऱ्याच्या पिशवीत ते तसेच धारदार राहते, आणि दुसऱ्या दिवशी कुणा सफाई कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या उघड्या बोटांत घुसते. आपला गाल जपणारा हलका हात तिथपर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणून पहिली दाढी करण्याआधी पावडरचा एखादा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड आत जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीने पक्के करा आणि आरशाशेजारी ठेवा. डबा भरायला काही वर्षे लागतील. भरला की चीर बंद करून, वर ‘ब्लेड’ असे ठळक लिहून, तो कचरा घ्यायला येणाऱ्यांच्या हातात सांगून द्या. हा डबा तयार झाला की पान उलटा.